चांदमारी

बेळगाव, महू, सिकंदराबाद, मोरार अशा छावणीच्या गावांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्या मराठी घरांना ‘चांदमारी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गावाबाहेरचा मातीचा उंच बांध, लाल बावटा वर असेपर्यंत तिकडे न फिरकण्याची वडीलधाऱ्यांची ताकीद आणि सकाळच्या प्रहरी एकामागून एक ऐकू येणारे बार एवढे सारे त्या एका शब्दात येते. चांद म्हणजे लक्ष्यफलकावरची गोल खूण. तिच्यावर गोळी झाडणे ती चांदमारी. बार वर्षानुवर्षे तसेच ऐकू येतात, म्हणून बांधापलीकडची परीक्षाही तीच असेल, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. सैनिकाने कशावर, किती अंतरावरून आणि किती वेळात नेम धरावा याचे दंडक गेल्या पावणेदोनशे वर्षांत कित्येकदा बदलले, आणि प्रत्येक बदलामागे कोणती ना कोणती लढाई, क्वचित सरकारच्या मनातली एखादी भीती उभी होती.

नेमाची परीक्षा म्हटली की आपणांस द्रोणाचार्य आठवतात. झाडावरच्या पक्ष्याचा डोळा आणि अर्जुनाचे उत्तर हे सारे लहानपणीच कानावर पडलेले असते. परंतु तो पक्षी कारागिराकडून करवून घेतलेला होता, तो फांदीवर स्थिर होता, आणि तो उलट बाण मारीत नव्हता, या गोष्टीकडे आपण सहसा लक्ष देत नाही. बंदुकीच्या परीक्षेचा पुढचा सारा इतिहास या एका उणिवेभोवती फिरतो, असे आम्हांस वाटते.

ठासणीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला अशा परीक्षेची गरजच नव्हती. ऐंशी-शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे व्यर्थच असे. शिपायांनी खांद्याला खांदा लावून उभे राहावे, हुकूम होताच एकदम बार काढावा आणि मिनिटाला तीन बार निघाले म्हणजे कवायत उत्तम झाली, असा तो काळ होता. नळीत आटे पाडलेली एन्फील्ड रायफल १८५३ मध्ये आली आणि हे गणित बदलले. फिरत जाणारी गोळी दूरवर सरळ जाऊ लागली. मागच्या शिडीसारख्या दर्शकावर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या; म्हणजे जवळजवळ सव्वाआठशे मीटर. त्याच वर्षी इंग्लंडात केंट परगण्यातील हाइद या समुद्रकाठच्या गावी बंदुकीची शाळा निघाली.

हाइदच्या शाळेचा अभ्यासक्रम आज वाचतानाही कौतुक वाटते. नवशिक्याला काडतूस लगेच मिळत नसे. आधी बंदुकीचे सुटे भाग, मग तिवईवर टेकवून नेम धरणे, मग उभे राहण्याची आणि गुडघा टेकून बसण्याची ढब, मग नुसती टोपी फोडणे, आणि सरतेशेवटी खरी गोळी. जवळच्या अंतरावर जो उतरला, त्यालाच पुढच्या अंतरावर जाऊ देत. १५० यार्डांपासून चढत चढत ९०० यार्डांपर्यंत. याहून महत्त्वाचा भाग म्हणजे अंतराचा अंदाज. गोळी सरळ रेषेत जात नाही, दगडासारखी कमान करून खाली येते. अंतर पन्नास-शंभर यार्डांनी चुकले की नेम कितीही अचूक असला तरी गोळी शत्रूच्या पायांपुढे मातीत किंवा डोक्यावरून जाते. म्हणून निरनिराळ्या अंतरांवर माणसे उभी करून, कोठून चेहरा ओळखू येतो, कोठून कोटाची बटणे दिसेनाशी होतात, हे शिपायांना पाहून ठेवायला लावीत आणि त्यांच्याकडून अंतर वदवून घेत. नेमबाजी ही बाहूंची नव्हे, डोळ्यांची आणि डोक्याची विद्या आहे, हे सैन्याने येथे प्रथम मान्य केले.

ही विद्या हिंदुस्थानात आली ती १८५७ साली, आणि कशी आली हे सर्वश्रुत आहे. डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे एन्फील्डच्या शिक्षणाची तीन ठाणी उघडली गेली, पलटणींतून निवडक शिपाई तेथे धाडले गेले, आणि चरबी लावलेल्या काडतुसांची कुजबुज डमडमहूनच पसरली. काडतुसांची कथा प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. त्यानंतर जे घडले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. उठाव मोडल्यावर सरकारने हिंदी शिपायांसाठी वेगळी बंदूक करविली. दिसायला ती एन्फील्डच; पण नळीतले आटे काढून ती गुळगुळीत केलेली, आणि मागची शिडी काढून तेथे एक स्थिर दर्शक बसवलेला. गोऱ्या शिपायाच्या हाती शेकडो यार्डांची रायफल आणि त्याच छावणीतल्या काळ्या शिपायाच्या हाती शंभराची बंदूक, अशी ती वाटणी होती.

पुढेही अनेक वर्षे हाच क्रम चालला. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींना त्यांची जुनी स्नायडर. त्यांना लीची मॅगझिन रायफल मिळाली तेव्हा आपल्यांना मार्टिनी. शिपायाची नेमबाजी कोणत्या पायरीपर्यंत जाऊ द्यायची हे त्याच्या डोळ्यांवर ठरत नव्हते, राज्यकर्त्याच्या विश्वासावर ठरत होते. हिंदी सैन्यासाठी चांगला गली, सातारा, पचमढी येथे बंदुकीच्या शाळा निघाल्या आणि तेथून उत्तम नेमबाज तयार झाले, हेही खरे. पण हातातले हत्यार एक पिढी मागे, ही गोष्ट विसरून त्या काळच्या गुणांची तुलना करणे अन्यायाचे होईल. १९१४ च्या सप्टेंबरात हिंदी फौजा फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा कोठे त्यांच्या जुन्या रायफली जमा करून घेऊन नव्या धाटणीच्या देण्यात आल्या. ज्या रायफलीवर गोऱ्या शिपायाने वर्षानुवर्षे हात बसवला होता, तिच्याशी आमच्या शिपायाची ओळख आघाडीच्या वाटेवर झाली.

इकडे इंग्लंडात नेमबाजीला शिष्टसंमत खेळाचे रूप आले होते. १८६० च्या जुलैत विंबल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने स्पर्धेचा पहिला बार काढला. रायफल आधीच यंत्रात घट्ट बसवून ४०० यार्डांवरच्या फलकावर रोखलेली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, आणि गोळी अगदी चांदाजवळ लागली. राजेलोकांची नेमबाजी बहुधा अशीच असते! तो विनोद सोडून दिला तरी त्या दृश्यात एक धोका लपलेला होता. ठरलेले अंतर, स्थिर फलक, निवांत वेळ. सैन्यातही तेच चालले होते. भर म्हणून अधिकाऱ्याच्या हुकमाने सगळ्या तुकडीने एकदम दूरवर बार काढण्याची जुनी पद्धत टिकून होती. रायफलीच्या बाजूला त्यासाठी खास दर्शक असे आणि त्यावर २८०० यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले असत.

१८९९ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत हा भ्रम फिटला. स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन, कोलेन्झो असे तीन पराभव एका आठवड्यात झाले. बोअर शेतकरी दगडांआड आणि चरांत पडून, बिनधुराच्या दारूच्या माउझर रायफलींनी, एकेक माणूस टिपत होते. ते दिसत नव्हते. कोलेन्झोच्या त्याच रणक्षेत्रातून जखमींच्या डोल्या वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते. हुकमाबरहुकूम एकदम बार काढणाऱ्या पलटणींसमोर गोळी झाडायला कोणी दिसतच नव्हते.

त्यातून जी सुधारणा झाली तिचा मोठा वाटा हाइदच्या दोन माणसांकडे जातो. एक चार्ल्स मन्रो, जे पुढे १९१६ मध्ये हिंदुस्थानचे सरसेनापती झाले, आणि दुसरे मेजर नॉर्मन मॅकमेहन. सोबती मॅकमेहनना बंदुकवेडा म्हणत. पुढच्या लढाईत मशीनगन निर्णायक ठरेल, प्रत्येक पलटणीला दोन नव्हे, सहा तरी द्या, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही; खर्चाची अडचण सांगण्यात आली. तेव्हा, मशीनगन नाही तर नाही, प्रत्येक शिपायाच्याच रायफलीतून इतक्या वेगाने गोळ्या सुटू द्या की उणीव भरून निघावी, असा मार्ग त्यांनी धरला.

१९०९ च्या नियमावलीत हे उतरले. शिपायाने पालथे पडून, ३०० यार्डांवरच्या माणसाच्या आकृतीवर, एका मिनिटात १५ गोळ्या झाडायच्या. पुढे या कसोटीला लोक ‘वेडे मिनिट’ म्हणू लागले. ऐकायला सोपे वाटते, पण हिशेब करून पाहावा. चार सेकंदांत एक गोळी. तेवढ्यात बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे सारायचा, पुन्हा माशी जुळवायची, श्वास रोखायचा आणि चाप हळूच दाबायचा. मधल्या वेळात पाच-पाच काडतुसांच्या पट्ट्या भरायच्या, तोही वेळ याच मिनिटातला. दस्ता खांद्यावरून न हलवता बोल्ट फिरवण्याची सवय बोटांना लागेपर्यंत बराकीत नकली काडतुसांवर तासन्‌तास सराव चाले. ली-एन्फील्डचा बोल्ट थोड्याच वळणात उघडे आणि तिच्यात दहा काडतुसे मावत, ही रायफलीची कृपा. पण बाकी सारी मेहनत माणसाची. साऱ्या वार्षिक परीक्षेचे गुण २००. १३० मिळवणारा ‘मार्क्समन’ ठरे. प्रावीण्याचा जादा पगार या गुणांवर अवलंबून असल्याने परीक्षेच्या दिवशी शिपायाच्या पोटाचाच प्रश्न असे.

२३ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधील मोन्स येथे ही फौज जर्मनांसमोर उभी राहिली. इंग्रजांच्या रायफलींचा मारा इतका दाट होता की जर्मनांना तो मशीनगनचाच वाटला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अलीकडचे इतिहासकार तिच्याकडे साशंकतेने पाहतात. आम्हांला मात्र त्या दिवसाची दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. नीमी गावच्या कालव्यावरील पुलापाशी जी रॉयल फ्युझिलियर्सची चौथी पलटण लढत होती, तिचे प्रमुख खुद्द मॅकमेहन होते. त्या महायुद्धातले पहिले व्हिक्टोरिया क्रॉस ज्या कृत्यांसाठी दिले गेले त्यांत याच पलटणीचे लेफ्टनंट मॉरिस डीझ आणि शिपाई सिडनी गॉडली होते, आणि दोघेही त्या पुलावर मशीनगन चालवीत होते. पलटणीपाशी मशीनगन होत्या अवघ्या दोन. डीझ तेथेच मारले गेले. मॅकमेहन ११ नोव्हेंबर रोजी ईप्रजवळ पडले. तोवर त्यांनी घडवलेली जुनी फौजही बहुतेक संपली होती.

तिच्या जागी आलेल्या भरतीच्या तरुणांना वर्षानुवर्षांचा सराव देणार कोण? शिवाय लढाई खंदकांत शिरली होती. हातबाँब हे आवडते हत्यार झाले. पळणारा शत्रू रायफलीच्या सहज टप्प्यात असूनही शिपाई बाँब फेकण्यासाठी त्याच्यामागे धावतात, अशी तक्रार अधिकारी करू लागले. १९१६ पासून रायफलीवरचे ते दूरचे दर्शक बसवणेच बंद झाले. २८०० यार्डांचे स्वप्न असे गुपचूप मिटले.

युद्धात गोळी प्रत्यक्ष किती अंतरावरून चालते, याचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सारे मारले गेले किंवा घायाळ झाले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबाँब टाकून तोफ बंद पाडली, एकास गोळी घातली. मॅगझिन बदलायला अवसर नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले आणि जिंकलेल्या मोर्चातच त्यांचा अंत झाला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या कोकणातल्या तरुणाचे वय बावीस-तेवीस होते. त्यांच्या शेवटच्या क्षणांत ३०० यार्डांचा फलक कोठेच बसत नाही. पण मॅगझिन बदलायला लागणारे दोन-तीन सेकंद मात्र बसतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या साऱ्याचा शास्त्रीय हिशेब मांडला तो अमेरिकेने. १९४७ मध्ये एस. एल. ए. मार्शल यांनी लिहिले की लढाईत चारांतला एक सैनिकसुद्धा बंदूक चालवीत नाही. त्यांच्या आकड्यांना आधार काय, असा प्रश्न पुढे इतिहासकारांनी विचारला आणि त्याचे समाधानकारक उत्तर सापडले नाही. तरी त्या पुस्तकाने सैन्याला अस्वस्थ केले हे खरे. याहून भक्कम काम १९५२ चे, नॉर्मन हिचमन यांचे. जखमांच्या नोंदी आणि जमिनीचे नकाशे तपासून त्यांनी दाखवले की रायफलीच्या गोळ्या ३०० यार्डांपलीकडे क्वचितच लागतात, कारण उंचसखल जमीन आणि झाडेझुडपे यांमुळे त्यापलीकडे माणूस सहसा दिसतच नाही. शंभर यार्डांपुढेच नेमाची करामत झपाट्याने ओसरते. सर्वांत धक्कादायक म्हणजे, अंगावर गोळ्या कोठे लागल्या याची वाटणी जवळजवळ बाँबच्या ठिकऱ्यांसारखीच, म्हणजे दैवाधीन होती.

मग चांदच गेला. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी सैन्याने गोल फलकाऐवजी माणसाच्या आकाराचे, जमिनीतून अकस्मात उभे राहणारे फलक आणले. पन्नास ते तीनशे मीटरांत कोठेतरी फलक उठतो, काही सेकंद राहतो. तेवढ्यात तो हेरायचा आणि पाडायचा. गोळी लागली तर पडतो, न लागली तर आपोआप बसतो. चाळीस गोळ्या, चाळीस फलक. २३ पाडले की उत्तीर्ण, ३० ला वरचा दर्जा, ३६ पासून ‘एक्स्पर्ट’. द्रोणाचार्यांचा पक्षी अखेर हलू लागला म्हणायचा.

पण यात काही गमावलेही. जुन्या पद्धतीत बांधामागचे लोक फलक खाली ओढून गोळी नेमकी कोठे लागली ते दाखवीत; चाप झटक्याने ओढला की भोक बाजूला पडलेले दिसे आणि उस्ताद त्यावरून दोष सांगे. उठत्या फलकावर फक्त लागली की नाही एवढेच कळते. का नाही लागली ते कळत नाही. अमेरिकेच्याच मरीन दलाने म्हणून ५०० यार्डांची जुनी चांदमारी हट्टाने चालू ठेवली. तिला बाहेरून जुनाटपणा म्हणत असत. आम्हांला तो हट्ट समजण्यासारखा वाटतो.

काळाने दोन्ही पक्षांना थोडे थोडे खरे ठरवले. अफगाणिस्तानच्या उघड्या खोऱ्यांत शत्रू ३०० मीटरांपलीकडून गोळ्या झाडू लागला, तेव्हा ‘हरवलेला अर्धा किलोमीटर परत मिळवा’ अशा आशयाचा प्रबंध २००९ मध्ये एका अमेरिकी मेजरने लिहिला, आणि प्रत्येक तुकडीत लांबच्या नेमाचा एक तरी खास माणूस हवा हा विचार पुन्हा बळावला. आपल्याकडेही १९९० च्या दशकात आलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या इन्सासनंतर, २०१९ मध्ये आघाडीच्या सैनिकांसाठी ७.६२ मिलिमीटरच्या, अधिक दूर मारा करणाऱ्या ७२,००० हून अधिक रायफली अमेरिकेकडून मागवण्यात आल्या. डोंगराळ सरहद्दीवरचा सैनिक आणि गल्लीबोळांतला सैनिक यांना एकच दंडक लावता येत नाही, हे यामागचे साधे कारण.

२०१९ मध्ये अमेरिकी सैन्याने आपली परीक्षा पुन्हा बदलली. फलक चाळीसच आणि उत्तीर्ण व्हायला २३ च. पण आता सैनिकाने पालथे पडून, आडोशाला रायफल टेकवून, गुडघ्यावर बसून आणि उभे राहून, अशा चार ढबींत गोळ्या झाडायच्या. एका ढबीतून दुसरीत कोणाच्याही हुकमावाचून जायचे आणि रिकामे मॅगझिन आपले आपण बदलायचे. फलक तोवर थांबत नाहीत. मॅगझिन बदलण्याचे ते दोन-तीन सेकंद, जे टायबरच्या खोऱ्यात नाईक घाडगे यांना मिळाले नाहीत, ते आता परीक्षेत मोजले जाऊ लागले.

जुना चांद मात्र नाहीसा झालेला नाही. तो क्रीडांगणात जाऊन बसला. आपल्या पायदळाची शाळा १९४८ पासून इंदूरजवळ महूला आहे, आणि सैन्याचे नेमबाजीचे खास पथकही तेथेच. त्या पथकात तयार झालेले सुभेदार विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले, ते जलद पिस्तुलाच्या प्रकारात. तेथे पाच फलकांवर पाच गोळ्या आधी आठ, मग सहा, मग चार सेकंदांत झाडायच्या असतात. मॅकमेहनना हा खेळ नक्की आवडला असता. आणि पन्नास मीटर रायफलीच्या तीन ढबींचा जो प्रकार आहे, त्यात गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरायचा, म्हणजे हाइदपासून सैन्यांनी शिकवलेल्याच ढबी. त्याच्या फलकाचा मधला ठिपका १०.४ मिलिमीटरचा, आपल्या शर्टाच्या बटणाएवढा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी त्यावर ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. ते सैनिक नाहीत. रेल्वेत तिकीट तपासनीस होते.